पत्ता एकीकडे, थांबा दुसरीकडे

वृद्ध आणि आजारी माणसांना उपचारांसाठी घरून नेऊन परत आणणाऱ्या एका वाहनसेवेसाठी मी गेली काही वर्षे मोबाइलवरील नेव्हिगेशन ॲपचे काम करते. चालकाने फोन उघडला की त्या दिवसाचे थांबे क्रमाने त्याच्यासमोर यावेत आणि प्रत्येक थांब्यापर्यंतचा मार्ग त्याला वळणागणिक सांगितला जावा, असे त्या ॲपचे स्वरूप आहे. थांबा नेमणे म्हणजे पत्ता शोधून त्यावर पिन टाकणे, असे मी सुरुवातीला धरून चालले होते. एके दिवशी सकाळी एका चालकाचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, ॲप पोहोचलात म्हणतंय, पण इथं नुसती भिंत आहे. आजींना उतरवू कुठं?"

त्याचे वाहन उपचार केंद्राच्या आवारामागून जाणाऱ्या, मध्ये दुभाजक असलेल्या वेगाच्या रस्त्यावर उभे होते. कडेला पदपथ नव्हता, भिंतीत दार नव्हते, आणि मागे थोड्याच अंतरावर रस्त्याला वळण असल्यामुळे मागून येणाऱ्या वाहनांना उभी गाडी अगदी जवळ आल्यावर दिसत होती. चालकाने कोणालाही उतरू दिले नाही. पुढे जाऊन, मोठा वळसा घेऊन त्याने मुख्य प्रवेशद्वार गाठले. इजा कोणालाच झाली नाही. परंतु ती पिन मी टाकलेली होती, आणि तपासून पाहिले तेव्हा पत्ता अगदी बरोबर निघाला. पिन इमारतीच्या छपरावर नेमकी होती. ते ठिकाण कोठे आहे, एवढेच त्या पिनने सांगितले होते. वाहन कोठे उभे करावे आणि आजींनी कोठे पाय टाकावा, हे मी तिला सांगितलेलेच नव्हते. त्या दिवसापासून आमच्या नोंदवहीत प्रत्येक ठिकाणाला दोन बिंदू असतात, एक ठिकाणाचा आणि दुसरा थांब्याचा, आणि चालकाला मार्ग दाखवला जातो तो दुसऱ्याचा.

पिन आणि रस्ता यांच्यामध्ये नेमके काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय थांबा नीट नेमता येत नाही. मार्ग काढणाऱ्या प्रणालीला इमारती, भिंती, दारे दिसत नाहीत. तिच्या लेखी जग म्हणजे रस्त्यांचे तुकडे आणि ते जेथे मिळतात ते बिंदू. आपण दिलेले अक्षांश-रेखांश कोणत्याही रस्त्यावर नसतील, तर ती त्यांना जवळच्या एखाद्या तुकड्यावर नेऊन चिकटवते. या कामातली माणसे याला 'स्नॅप होणे' म्हणतात. जवळचा म्हणजे सरळ रेषेत जवळचा. मध्ये भिंत आहे, नाला आहे, रेल्वेमार्ग आहे की दहा मीटरची उंची आहे, याचा त्या मोजणीत साधारणपणे विचार नसतो. आवार मोठे असेल आणि पिन त्याच्या मध्यभागी असेल, तर पुढचा रस्ता शंभर मीटरवर आणि मागचा ऐंशी मीटरवर असला तरी मागचाच निवडला जातो. आमच्या बाबतीत हेच झाले होते. उड्डाणपुलाखालच्या सेवा रस्त्यालगतच्या ठिकाणांबाबत तर अधिकच जपावे लागते, कारण नकाशावर वरून पाहता पूल आणि सेवा रस्ता एकमेकांना खेटून, कधी एकावर एक असतात, आणि पिन दोन-चार मीटर सरकली तरी थांबा पुलावर जाऊन बसू शकतो.

यात फोनच्या अचूकतेचीही भर पडते. मोकळ्या आकाशाखाली सामान्य स्मार्टफोनचे स्थान साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत अचूक मानले जाते. उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत उपग्रहांचे संकेत भिंतींवर आदळून येतात आणि ही चूक कितीतरी वाढते. वाहतुकीची एक मार्गिका सुमारे साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे मोकळ्या मैदानातदेखील फोन आपल्याला रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे खात्रीने सांगू शकत नाही. २०१८ पासून दोन वारंवारतांवर संकेत घेणारे फोन आले आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली, पण थांबा ठरवताना मी त्या सुधारणेवर विसंबत नाही, कारण प्रत्येक चालकाकडे तसा फोन असतोच असे नाही. थांब्याच्या जागी उभे राहून 'माझे सध्याचे स्थान' हे बटण दाबून घेतलेली नोंद म्हणूनच मी कच्ची नोंद समजते. ती उपग्रह-चित्रावर ठेवून, मोठी करून, हाताने योग्य बाजूला सरकवल्यानंतरच ती पक्की होते. दशांश चिन्हापुढे पाच अंक ठेवले की अक्षांशाचा शेवटचा अंक सुमारे १.१ मीटरचा होतो आणि आपल्या कामाला तेवढे पुरते. चारच अंक ठेवले तर तो अकरा मीटरचा होतो आणि थांबा समोरच्या पदपथावर जाऊ शकतो. कोणीतरी तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून अंक छाटतो आणि थांबे हलतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता ॲपच्या आतील नेमणुकीकडे येते. गूगलच्या मार्गसेवेला थांबा दोन प्रमुख तऱ्हांनी सांगता येतो: त्या ठिकाणाच्या नोंदीचा ओळख-क्रमांक, म्हणजे प्लेस आयडी, देऊन किंवा थेट अक्षांश-रेखांश देऊन. प्लेस आयडीचा फायदा असा की प्रणालीला ते ठिकाण म्हणून ओळखता येते आणि त्याच्याविषयी जे काही नोंदलेले आहे त्याचा उपयोग होऊ शकतो. नुसत्या अंकांमागे असे काहीच नसते. ज्या ठिकाणी आपण कधी गेलेलो नाही, तेथे जाण्यासाठी प्लेस आयडी बरा. पण जेथे माणसे रोज उतरणार आहेत, तेथे मी अक्षांश-रेखांशच वापरते, आणि त्याला एक तांत्रिक कारणही आहे. वाहन या बिंदूवर माणसे चढवण्या-उतरवण्यासाठी थांबणार आहे, असे सांगणारी 'व्हेइकल स्टॉपओव्हर' नावाची एक खूण या सेवेत आहे. ती लावली की अशा कामाला अयोग्य रस्त्यांवर थांबा पडणार नाही, अशा बेताने मार्ग काढला जातो. मात्र ही खूण बिंदू अक्षांश-रेखांशांनी दिलेला असतानाच लागू होते, शिवाय ती मोटार आणि दुचाकी या दोनच प्रवासप्रकारांसाठी आहे, आणि ज्या बिंदूवरून न थांबता नुसते पुढे जायचे आहे त्याला ती लागत नाही. आमच्या जुन्या आवृत्तीत आम्ही सगळे मधले थांबे अशा 'नुसते पुढे जा' प्रकारात नोंदवले होते. खूण लावलेली होती, पण तिचा काडीइतका उपयोग होत नव्हता, आणि कोठेही चुकीचा संदेश येत नसल्यामुळे हे कित्येक दिवस कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरी खूण रस्त्याच्या बाजूची आहे. ती लावली तर, बिंदू रस्त्याच्या मध्यरेषेपासून ज्या बाजूला सरकलेला असेल त्या बाजूला वाहन उभे राहू शकेल, असा मार्ग काढला जातो. येथे मघाची अचूकतेची गोष्ट पुन्हा समोर येते. बिंदू मध्यरेषेवरच असेल तर बाजू कळणारच नाही, आणि फोनच्या चुकीमुळे तो पलीकडे गेला असेल तर ॲप अगदी आज्ञाधारकपणे वाहनाला विरुद्ध बाजूला नेईल. म्हणून बाजूची खूण लावण्यापूर्वी बिंदू हाताने तपासणे हे मी सक्तीचे केले आहे. या खुणेमुळे मार्ग लांबतो, कधीकधी पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यावे लागते, आणि वेळेचा हिशेब ठेवणारी मंडळी त्याबद्दल तक्रार करतात. माझे मत यावर पक्के आहे. तो वळसा वाहनाने घेतला नाही तर रस्ता ओलांडण्याचे काम प्रवाशावर पडते, आणि आमचे प्रवासी काठी टेकत चालणारे आहेत. चाकांना चार मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

तिसरी गोष्ट दिशेची. वाहन ज्या दिशेला तोंड करून त्या बिंदूतून जावे असे वाटते ती दिशा अंशांत देता येते: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दोन समांतर रस्ते जवळजवळ असतील तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. प्रवासाच्या सुरुवातीला मात्र उभ्या वाहनातील फोनने सांगितलेल्या दिशेवर विश्वास ठेवू नये. उपग्रहांवरून मिळणारी दिशा वाहन चालू लागल्यावरच खरी होते, आणि फोनमधील होकायंत्र गाडीच्या लोखंडामुळे भरकटते.

गूगलखेरीज खुल्या नकाशावर, म्हणजे २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर, चालणाऱ्या मार्गप्रणालींतही अशाच सोयी आहेत, फक्त नावे निराळी. त्यांपैकी ओएसआरएम या प्रणालीत 'अप्रोचेस' या सेटिंगला 'कर्ब' असे मूल्य दिले की वाहन थांब्याशी कडेच्या बाजूनेच येते, आणि थांब्यावरून पुढे सरळच निघावे, जागीच उलटे वळू नये, असेही सांगता येते. वालहाला या प्रणालीत थांब्याचे चार प्रकार आहेत. 'ब्रेक' हा खरा थांबा, तेथून यू-टर्न चालतो. 'थ्रू' म्हणजे न थांबता, न वळता पुढे. 'व्हाया' म्हणजे थांबा नाही पण वळायला हरकत नाही. आणि 'ब्रेक थ्रू' म्हणजे थांबायचे, पण उलटे वळायचे नाही. आमच्या मोठ्या गाड्यांसाठी हा शेवटचा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो, कारण प्रवासी नुकताच उतरून बाजूला उभा असताना चालकाने गाडी मागे-पुढे करून तेथेच वळवावी, ही कल्पनाच मला नको वाटते. या प्रणालींमध्ये काम करताना एक बारीक सावधगिरी आवश्यक आहे: ओएसआरएम आधी रेखांश आणि मग अक्षांश घेते, गूगलमध्ये बहुतेक ठिकाणी उलट क्रम असतो. अदलाबदल झाली की थांबा बहुधा भलत्याच खंडात किंवा समुद्रात जातो, त्यामुळे ती चूक निदान लगेच दिसते.

या सर्व खुणा लावल्या तरी त्यांचे स्वरूप पसंती सांगण्याचे आहे. तेथे आज खड्डा खणला आहे का, रात्री दिवा असतो का, पावसात पाणी साचते का, हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नसते. थांब्याची जागा माणसाने जाऊन पाहावी लागते, आणि पाहताना काय पाहायचे, हा या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

मी पहिल्यांदा मागे पाहते. उभ्या वाहनाला धोका असतो तो मागून येणाऱ्याचा, आणि त्याला आपण वेळेत दिसलो पाहिजे. रस्ते आखणारे अभियंते यासाठी जो हिशेब करतात तो कोणालाही करता येण्यासारखा आहे. चालकाने अडथळा पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंत २.५ सेकंद जातात असे धरतात, आणि त्यानंतर गाडीचा वेग दर सेकंदाला ३.४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे धरतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. पहिल्या अडीच सेकंदांतच गाडी ५० मीटर पुढे येते आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ५९ मीटर, म्हणजे एकूण जवळजवळ ११० मीटर. वेग निम्मा, ताशी ३६ किलोमीटर असेल तर हेच अंतर ४० मीटरवर येते. म्हणून मी थांब्याच्या जागी उभी राहून मागे किती अंतरापर्यंत रस्ता सलग दिसतो ते पाहते आणि त्या रस्त्यावरील वाहने प्रत्यक्षात ज्या वेगाने येतात त्याच्याशी ते ताडते. फलकावर लिहिलेला वेग मी धरत नाही. मागे वळण असेल, चढाचा माथा असेल, झाडाची फांदी खाली आलेली असेल आणि अंतर पुरत नसेल, तर ती जागा बाद. त्या सकाळी मागच्या भिंतीलगत चालकाला मागे जेमतेम पन्नास मीटर दिसत होते, हे मी नंतर स्वतः जाऊन मोजले.

रस्त्यावरील वाहतुकीबाबत १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेविसाव्या कलमात वाहन कोठे उभे करू नये हे सांगितले आहे, आणि त्यामागचे तर्क कोणत्याही देशात लागू पडावेत असे आहेत. वस्तीबाहेर वाहन शक्यतो रस्त्याच्या चालत्या भागावर उभे करू नये, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर करू नये, रेल्वे फाटकावर किंवा ट्रामच्या रुळांवर करू नये, वळणावर आणि चढाच्या माथ्याजवळ करू नये. पादचारी पट्ट्यांबाबत मी एक पाऊल पुढे जाते. पट्ट्यांच्या अलीकडे लागूनच उभे केलेले वाहन प्रत्यक्ष पट्ट्या अडवत नाही, पण त्याच्या आडून ओलांडायला निघालेले मूल दुसऱ्या वाहनाच्या चालकाला दिसत नाही. आमची गाडी उंच आहे, तिची सावली लांब पडते असे मी नवीन सहकाऱ्यांना सांगते. तिच्यामुळे ज्यांना दिसायचे बंद होते, ती माणसे आमच्या नोंदवहीत कधीच येत नाहीत.

त्यानंतर दार. वरील कराराचे चोविसावे कलम संपूर्णपणे दाराविषयीच आहे: इतरांना धोका होणार नाही याची खात्री केल्याशिवाय वाहनाचे दार उघडू नये, उघडे ठेवू नये, उतरू नये. थांबा निवडताना म्हणूनच मला कोणत्या गाडीचे दार कोणत्या बाजूला आहे हे माहीत असावे लागते. सरकते दार कडेच्या बाजूला असेल तर पदपथालगतची जागा चालते. चाकाची खुर्ची मागील रॅम्पवरून उतरणार असेल तर तीच जागा धोक्याची होते, कारण रॅम्प वाहनाच्या मागे रस्त्यावरच उलगडतो. रॅम्पच्या लांबीपुढे खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी, सपाट जागा हवी, आणि मागे दुसरी गाडी येऊन चिकटणार नाही अशी व्यवस्था हवी. अशा थांब्यांना आम्ही वेगळी नोंद ठेवतो: 'मागून उतरण्यास योग्य' किंवा 'अयोग्य'. ही नोंद ॲपमध्ये प्रवाशाच्या गरजेशी जोडलेली असल्यामुळे एकाच इमारतीसाठी दोन प्रवाशांना दोन निराळे थांबे मिळू शकतात. सायकलींची मार्गिका कडेने जात असेल तर मी चालकाला तसे आधी कळवणारी ओळ घालते, कारण दार उघडण्याआधी मागे वळून पाहायला लावणारी आठवण वेळेवर मिळाली तरच उपयोगाची.

थांब्यापासून दारापर्यंतचा पायी मार्ग हा थांब्याचाच भाग आहे. नकाशावर १२० मीटर ही काहीच नाही अशी लांबी वाटते. सावकाश चालणारा माणूस सेकंदाला पाऊण मीटर गेला तर त्याला १६० सेकंद लागतात, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक, आणि त्यात एक उंच पायरी आली तर तो तेथेच अडकतो. तरीही सुरक्षित थांबा १२० मीटरवर आणि धोक्याचा दाराशी असेल तर मी १२० मीटरवरचाच निवडते आणि ॲपमध्ये सोबतीची गरज नोंदवते. येथे माझे आणि काही सहकाऱ्यांचे मतभेद होतात. दाराशी दोन मिनिटे धोका पत्करावा, असे त्यांचे म्हणणे असते आणि त्यामागे प्रवाशाबद्दलची कळकळच असते. परंतु चालायचे अंतर आधी कळले तर त्याची तयारी करता येते, खुर्ची नेता येते, एखादा मदतनीस बोलावता येतो. मागून येणाऱ्या अनोळखी वाहनासाठी अशी कोणतीच तयारी करता येत नाही.

लांबच्या प्रवासातील थांब्यांचे गणित निराळे असते. महामार्गाच्या कडेची पट्टी बिघाडासाठी आणि आपत्तीसाठी असते. औषध घेण्यासाठी, फोनसाठी किंवा पाय मोकळे करण्यासाठी तेथे थांबू नये, आणि ॲपने तसा थांबा सुचवूही नये. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नुसती विश्रांतीची जागा आणि इंधन, खाणे वगैरे सोयी असलेली जागा यांना स्वतंत्र खुणा आहेत, आपत्कालीन थांब्याची कोनाडेवजा जागाही वेगळी नोंदवता येते. हा फरक प्रणालीत उतरवला तर आपत्कालीन जागा विश्रांतीच्या यादीतून वगळता येतात. दुसरी अडचण अशी की विश्रांतीची जागा पुष्कळदा एकाच दिशेच्या वाहतुकीसाठी असते. सरळ रेषेत ती चारशे मीटरवर दिसते, पण ती दुभाजकापलीकडे असते आणि तेथे पोहोचायला पुढचा फाटा गाठून परत यावे लागते. म्हणून अंतर नेहमी रस्त्याने मोजलेले दाखवावे. आमचे चालक किती वेळाने थांबतात हे मी त्यांच्या मर्जीवर सोडत नाही. युरोपीय संघात अवजड मालवाहू आणि मोठ्या प्रवासी वाहनांच्या चालकांना साडेचार तास चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे, आणि आमचे थांबे त्याहून बरेच जवळ जवळ असतात, कारण गाडीतील आजारी माणूस साडेचार तास बसू शकत नाही. हे थांबे निघण्यापूर्वीच मार्गात घातलेले असावेत. चालत्या गाडीत चालकाने स्वतः नवीन थांबा घालू नये. सोबत कोणी असेल तर त्याने घालावा, नसेल तर आधी गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करावी. वाहन हलत असताना थांबा बदलण्याचा पडदा आमच्या ॲपमध्ये उघडतच नाही.

'पोहोचलात' ही सूचना नेमकी केव्हा यावी, यावर आम्ही बराच काळ घालवला. ठरावीक वर्तुळात फोन शिरला की पोहोचलो असे मानणे सोपे आहे, आणि अँड्रॉइडवर अशा वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवावी असे सुचवले जाते. पण दीडशे मीटर आधी 'पोहोचलात' ऐकू आले की घाईतला चालक तेथेच ब्रेक लावतो. आता आम्ही दोन वेगळ्या सूचना देतो. पहिली वेगानुसार पुरेशी आधी येते आणि थांबा कोणत्या बाजूला आहे व तेथे काय दिसेल हे सांगते: निळे फाटक, बसथांब्याच्या पुढची मोकळी जागा, असे काहीतरी डोळ्यांनी ओळखण्यासारखे. दुसरी, म्हणजे खरी पोहोचल्याची सूचना, वाहन योग्य रस्त्यावर आणि योग्य दिशेने थांब्याजवळ येऊन त्याचा वेग जवळजवळ शून्यावर आल्यावरच येते.

प्रत्येक थांब्याला आम्ही एक पर्यायी थांबाही जोडून ठेवतो. मूळ जागा अडलेली असेल तर चालकाने तेथे जबरदस्तीने गाडी घुसवू नये. एका बटणाने त्याला पर्यायी जागेचा मार्ग मिळतो, आणि त्याने मूळ थांबा का नाकारला हे नंतर, गाडी उभी असताना विचारले जाते. या नाकारलेल्या थांब्यांची यादी मी दर आठवड्याला वाचते. याउलट वाहने प्रत्यक्षात कोठे थांबली याच्या नोंदी गोळा करून त्यांवरून आपोआप थांबे ठरवावेत, ही सूचना मी दोनदा नाकारली आहे. नकाशावर एका जागी ठिपक्यांचा ढीग जमला म्हणजे तेथे गाड्या थांबतात एवढेच सिद्ध होते. त्यातले काही सिग्नलवर थांबलेले असतात, काही दाराशी जाण्याची सवय झालेले असतात, आणि त्या भिंतीलगतच्या रस्त्यावरदेखील असे ठिपके आहेत, कारण इतर ॲपांच्या पिना आजही तेथेच पडत असाव्यात. ढीग पाहून मी ती जागा तपासायला जाते, आणि जाऊन पाहिल्यानंतरच तेथे थांबा नेमायचा की नाही हे ठरवते.

त्या उपचार केंद्राचा थांबा आता पूर्वेकडच्या लहान रस्त्यावर, फाटकापासून ४० मीटर अलीकडे आहे. मागे १३० मीटर सलग दिसते, वाहने सावकाश असतात, पदपथ उताराने रस्त्याला मिळतो आणि रात्री दिवा असतो. त्या नोंदीखालची सूचना अशी आहे: 'फाटकाच्या समोर थांबू नये, रुग्णवाहिका आत-बाहेर करतात. कडेच्या दाराने उतरावे. मागून उतरायचे असल्यास पर्यायी थांबा, आवाराच्या आत, पहारेकऱ्याला आधी कळवून.' शेवटचे वाक्य त्याच चालकाने सुचवले. पहारेकऱ्याला आधी कळवल्याशिवाय फाटक उघडायला वेळ लागतो आणि तोवर गाडी रस्त्यावर तिरकी उभी राहते, हे मला नकाशावरून कधीच कळले नसते.